९० टक्के सवलतीत ‘गॉथम नाइट्स’ दिसला की हात शिवशिवतो... पण हा सुपरहिरो गेम खरंच घ्यावा का?

रात्री साडेअकराची वेळ. जेवणं झालीत, अंथरुणात पडून मोबाईल चाळताय. स्टीमचा सेल लागलाय आणि स्क्रीनवर एक पोस्टर येतं. पावसात भिजलेलं काळोखं शहर, छतावर उभे असलेले चार मुखवटेधारी आणि बाजूला हिरव्या पट्टीत घसघशीत सवलत. गेमचं नाव ‘गॉथम नाइट्स’.

मग आपण ग्रुपवर विचारतो, “भावांनो, घेऊ का?” एक म्हणतो, “घे डोळे झाकून.” दुसरा म्हणतो, “कचरा आहे, पैसे घालवू नकोस.” तिसरा फक्त हसणारा इमोजी टाकतो. आणि आपण होतो तिथेच राहतो.

गंमत म्हणजे पहिले दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कारण हा गेम चांगला की वाईट, याचं उत्तर तुम्ही तो कशावर खेळणार, कुणाबरोबर खेळणार आणि कितीला घेणार, यावर ठरतं. म्हणून आज नीट उलगडून बघूया, ‘गॉथम नाइट्स’ विकत घेण्यालायक आहे का?

आधी हे समजून घ्या, की हा बॅटमॅनचा गेम नाही

‘गॉथम नाइट्स’ २१ ऑक्टोबर २०२२ ला प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस, आणि पीसीवर आला. बनवला डब्ल्यूबी गेम्स माँट्रियल या स्टुडिओने. याच स्टुडिओने २०१३ मध्ये ‘बॅटमॅन : अर्खम ओरिजिन्स’ केला होता.

इथेच पहिला घोळ होतो. ‘अर्खम’ मालिका म्हणजे सुपरहिरो गेम्समधलं मानाचं पान. २००९ चा ‘अर्खम असायलम’, २०११ चा ‘अर्खम सिटी’, २०१५ चा ‘अर्खम नाइट’. हे तिन्ही रॉकस्टेडी स्टुडिओचे. त्यामुळे गॉथम शहर, वटवाघळाचं चिन्ह आणि अंधारी गल्ली दिसली की लोकांना वाटतं, हा अर्खमचाच पुढचा भाग.

तर तो तसा नाही. कथेचा एकमेकांशी संबंध नाही, खेळायची पद्धतही वेगळी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे या गेममध्ये बॅटमॅन सुरुवातीलाच मरतो. हा काही मोठा स्पॉयलर नाही, गेमची जाहिरातच त्यावर झाली होती.

बॅटमॅन गेल्यावर शहराची जबाबदारी येते त्याच्या चार चेल्यांवर. नाइटविंग, बॅटगर्ल, रेड हूड आणि रॉबिन. घरातला कर्ता माणूस अचानक गेला आणि मागे राहिलेल्या चार भावंडांना एकत्र येऊन घर चालवायची वेळ आली, अशी ही गोष्ट. चौघांचे स्वभाव वेगळे, एकमेकांविषयी जुन्या कुरबुरी आणि सांभाळून घ्यायला म्हातारा आल्फ्रेड.

या चौघांतला रेड हूड तर खास. कॉमिक्समध्ये हा जेसन टॉड आधी रॉबिन होता. १९८८ मध्ये डीसीने वाचकांनाच विचारलं की याला जगवायचं की मारायचं? त्यासाठी पैसे देऊन फोन करायचे दोन नंबर दिले. ५,२७१ लोक म्हणाले जगवा, ५,३४३ म्हणाले मारा. फक्त ७२ मतांनी बिचारा गेला! पुढे २००५ मध्ये तो कॉमिक्समध्ये रेड हूड बनून परत आला. गेममध्ये हा मरून परत आलेला, रागीट पण आतून हळवा माणूस बघायला मिळतो.

खलनायक आहेत ‘कोर्ट ऑफ आउल्स’, म्हणजे गॉथमच्या श्रीमंत घराण्यांची गुप्त टोळी, जी पिढ्यान्‌पिढ्या शहर पडद्यामागून चालवते. कॉमिक्समध्ये ही टोळी २०११ मध्ये लेखक स्कॉट स्नायडर आणि चित्रकार ग्रेग कपुलो यांनी आणली. जोकरचा तोच तोच चेहरा बघून कंटाळलेल्यांना ही चांगली हवापालट आहे. शिवाय हार्ली क्विन, मिस्टर फ्रीझ आणि क्लेफेस यांची वेगवेगळी प्रकरणंही आहेत.

‘अ‍ॅक्शन आरपीजी’ म्हणजे नेमकं काय? इथेच खरी मेख आहे

दुकानाच्या पानावर लिहिलेलं असतं, ‘अ‍ॅक्शन आरपीजी’. आपण ते वाचून पुढे सरकतो. पण गेम आवडणार की नाही, हे बरंचसं या दोन शब्दांवर ठरतं.

साध्या अ‍ॅक्शन गेममध्ये ठोसा म्हणजे ठोसा. तुमचा हात बसला, वेळ साधली, तर समोरचा आडवा. अर्खम मालिकेत हेच होतं. गुंड हात उगारतो, तुम्ही वेळेवर बटण दाबून तो परतवता आणि एका लयीत दहा जण लोळवता.

आरपीजीमध्ये प्रत्येक ठोशाला आकडा असतो. तुमची लेव्हल किती, सूट कोणता, हातातलं हत्यार कसलं, यावर ठोसा किती जोरात लागणार ते ठरतं. ‘गॉथम नाइट्स’मध्ये मारल्यावर शत्रूच्या अंगावरून आकडे उडताना दिसतात. गुंडांना हरवून, पेट्या उघडून कच्चा माल गोळा करायचा, त्यातून सूट आणि हत्यारं बनवायची, वर छोटे मोड बसवायचे. एखादं हत्यार आगीचं, एखादं बर्फाचं, एखादं विजेचं.

काहींना यातच मजा येते. रोज थोडं थोडं ताकदवान होत जाण्याचा आनंद असतो. पण यात एक खोच आहे. शत्रूही तुमच्याबरोबर वाढत जातो. त्यामुळे कधीकधी एखाद्या धिप्पाड गुंडाला तुम्ही ठोकताय, ठोकताय, ठोकताय... आणि तो आपला उभाच. सुपरहिरो असल्याचा तोरा तिथे उतरतो. आकडा वाढला म्हणून शत्रू हुशार होत नाही, तो फक्त पडायला जास्त वेळ घेतो.

या गेमवरची मोठी तक्रार हीच आहे आणि ती खोटी नाही. ज्यांनी अर्खमच्या अपेक्षेने घेतला, ते इथेच चिडले.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळाचं चक्र. हा गेम ‘रात्रीं’मध्ये चालतो. चौघांचा अड्डा म्हणजे जुना घड्याळाचा मनोरा, बेलफ्राय. तिथून एक हिरो निवडायचा, मोटारसायकलवर शहरात निघायचं, गुन्हे थांबवायचे, एखाद्या गुंडाला धरून माहिती काढायची, जमलं तर मुख्य कथा पुढे न्यायची आणि परत अड्ड्यावर. मग सामान बनवायचं, हवा तर हिरो बदलायचा आणि पुढची रात्र.

पहिल्या चार-पाच रात्री हे भारी वाटतं. दहाव्या रात्री तुम्हाला कळतं की बँक लुटणारे, ओलीस धरणारे, ट्रक पळवणारे हे प्रकार फिरून फिरून तेच येताहेत. सलग बसून संपवायला गेलात तर कंटाळा येणार. रोज तासभर खेळणाऱ्याला मात्र हेच चक्र सोयीचं पडतं. ऑफिसातून आलो, एक रात्र खेळलो, झोपलो.

चांगली बाब अशी की अनुभवाचे गुण चौघांना मिळून मिळतात. नाइटविंगला घेऊन दहा लेव्हल वर गेलात आणि मग बॅटगर्ल घ्यावीशी वाटली, तर तिला शून्यापासून वाढवावं लागत नाही. आणखी एक सोय म्हणजे सूटची ताकद एका सूटची आणि दिसणं दुसऱ्याचं, असं ठेवता येतं. म्हणजे आकड्यांसाठी विदूषकासारखे कपडे घालायची वेळ येत नाही.

एक टीप लक्षात ठेवा. सुरुवातीला हिरोंना लांब उडता येत नाही, गेम बराच वेळ दोरी आणि बाईकवरच फिरवतो. प्रत्येकाची खास चाल ‘नाइटहूड’ नावाचं आव्हान पूर्ण केल्यावर उघडते. बॅटगर्ल पंख पसरून तरंगते, नाइटविंगला ग्लायडर मिळतो, रेड हूड हवेत पावलं टाकत उड्या मारतो आणि रॉबिन चक्क एका जागेवरून दुसऱ्या जागी गायब होऊन पोहोचतो. हे आव्हान आधी उरकून घ्या. त्यानंतर गेम निम्म्याने तरी जास्त मजेदार होतो.

मग एवढी बदनामी का झाली?

मे २०२२ मध्ये कंपनीने जाहीर केलं की प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर गेम येणार नाही, फक्त नव्या कन्सोलवर येईल. लोकांना वाटलं, चला, जुन्या मशीनचं ओझं उतरलं, आता गेम लोण्यासारखा चालेल.

आणि रिलीजच्या काही दिवस आधी बातमी आली की कन्सोलवर गेम ३० एफपीएसवर बांधलेला असेल. वेग वाढवणारा परफॉर्मन्स मोड नाही.

एफपीएस म्हणजे एका सेकंदात स्क्रीनवर किती चित्रं बदलतात तो आकडा. ३० असेल तर प्रत्येक चित्र साधारण ३३ मिलिसेकंद टिकतं, ६० असेल तर साधारण १७. सिनेमा बघताना हा फरक जाणवत नाही, कारण तिथे आपण नुसतं बघतो. गेममध्ये आपण बटण दाबतो आणि हिरो हलण्याची वाट बघतो. मारामारीच्या गेममध्ये तो सूक्ष्म उशीर बोटांना कळतो.

भारतात प्लेस्टेशन ५ ची डिस्कवाली आवृत्ती ४९,९९० रुपयांना आली होती. पन्नास हजार मोजून मशीन घेतलेल्या माणसाला ‘तुला ३० वरच खेळावं लागेल’ म्हटल्यावर तो भडकणारच. कंपनीचं म्हणणं होतं की दोन खेळाडूंना मोठ्या शहरात एकमेकांपासून कितीही लांब फिरता यावं म्हणून हे करावं लागलं. पण एकट्याने खेळणाऱ्याचा प्रश्न उरतोच, की माझ्याबरोबर कुणी नाहीच, तर मी ती किंमत का मोजू?

पीसीवरही सुरुवात सुखाची नव्हती. चांगल्या मशीनवरही गेम मध्येच अडखळायचा, विशेषतः बाईकवर वेगाने जाताना. नंतर अपडेट येत गेले, पण पहिला शिक्का बसला तो बसलाच. समीक्षकांच्या गुणांची सरासरी शंभरपैकी सत्तरच्या आतच राहिली.

घ्यायचा, पण उद्या गेमच बंद पडला तर?

ही भीती अनाठायी नाही. सुपरहिरो गेम्सच्या मागे गेली काही वर्षं साडेसातीच लागली आहे.

‘मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स’चं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये स्क्वेअर एनिक्स कंपनीने मोठ्या थाटात आणला. आयर्न मॅन, थॉर, हल्क, सगळे हजर. कमला खानची सुरुवातीची गोष्ट खरंच छान होती. पण गेम बांधला होता वर्षानुवर्षं चालणाऱ्या ऑनलाइन दुकानासारखा. खेळत राहा, सामान जमवत राहा, पोशाख विकत घेत राहा. आधी सांगितलं होतं की पैशांनी फक्त दिसण्याच्या वस्तू विकू. ऑक्टोबर २०२१ मध्ये पैसे देऊन लेव्हल लवकर वाढवायच्या वस्तू विकायला काढल्या. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा माफी मागून काढून घेतल्या. स्क्वेअर एनिक्सच्या प्रमुखांनी वार्षिक अहवालात या गेमचा निकाल निराशाजनक असल्याचं मान्य केलं. शेवटी ३० सप्टेंबर २०२३ ला तो डिजिटल दुकानांतून उतरवला गेला. ज्यांनी घेतला होता ते खेळू शकतात, पण नव्याने घेता येत नाही.

त्याहून वाईट झालं ‘मार्व्हल हिरोज’चं. जून २०१३ मध्ये आलेला हा ऑनलाइन अ‍ॅक्शन आरपीजी नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व्हरसकट बंद झाला. त्यात खर्च केलेले पैसे आणि जमवलेले हिरो, सगळं गेलं.

आणि फेब्रुवारी २०२४ चा ‘सुइसाइड स्क्वाड : किल द जस्टिस लीग’. अर्खमवाल्या रॉकस्टेडीनेच केलेला. एकट्याने खेळायचा तरी इंटरनेट लागायचं. तो इतका आपटला की वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने २० कोटी डॉलरचा फटका बसल्याचं सांगितलं. ऑफलाइन खेळायची सोय आली ती डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे वरात निघून गेल्यावर.

आता ‘गॉथम नाइट्स’ यात कुठे बसतो? दिसायला तो याच कुळातला वाटतो. लेव्हल, रंगीत सामान, आकडे. पण आतून तो वेगळा आहे. एकट्याने ऑफलाइन खेळता येतो. पैसे देऊन सामान विकणारं दुकान त्यात नाही. गोष्ट सुरू होते, संपते. उद्या को-ऑपचे सर्व्हर बंद पडले तरी एकट्याची कथा शिल्लक राहील, अशी त्याची रचना आहे.

शिवाय मार्व्हलचे गेम अनेकदा बाहेरच्या कंपनीने परवाना घेऊन बनवलेले असतात. परवाना संपला की गेम दुकानातून गायब, असं मार्व्हलच्या जुन्या गेम्सबाबत झालेलं आहे. ‘गॉथम नाइट्स’ आला तेव्हा गेम बनवणारा स्टुडिओ आणि डीसी कॉमिक्स दोन्ही वॉर्नरच्याच घरातले. त्यामुळे तसा धोका इथे कमी.

एक मात्र लक्षात असू द्या. डिजिटल गेम ‘विकत घेणं’ म्हणजे खरं तर वापरायचा परवाना घेणं. स्टीम आता पैसे भरायच्या पानावर हे स्पष्ट लिहितं. डिस्कसारखा तो मित्राला देता येत नाही की अर्ध्या किमतीत विकता येत नाही.

मित्राबरोबर खेळला तर चित्रच पालटतं

‘गॉथम नाइट्स’चं सगळ्यात मोठं बलस्थान म्हणजे दोघांनी मिळून खेळणं. पूर्ण मुख्य कथा दोघांना ऑनलाइन खेळता येते आणि एकमेकांना चिकटून राहायची सक्ती नाही. एक जण शहराच्या या टोकाला दरोडा थांबवतोय, दुसरा त्या टोकाला पेट्या उघडतोय, असं चालतं.

आणि मगाशी ज्या न पडणाऱ्या गुंडाची तक्रार केली, तो दोघांसमोर लवकर पडतो. एकाने लक्ष वेधायचं, दुसऱ्याने मागून धरायचं. तीच तीच कामंही गप्पांच्या नादात खपून जातात. शाळेतला मित्र दुसऱ्या शहरात नोकरीला गेलाय, भेट होत नाही, रात्री हेडफोन लावून तासभर गप्पा आणि मारामारी. यासाठी हा गेम खरंच चांगला आहे.

नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी ‘हिरोइक असॉल्ट’ नावाचा चार जणांचा वेगळा मोडही आला. पण त्यात कथा नाही, एकामागून एक मजले चढत शत्रूंशी लढायचं. मुख्य कथा दोघांचीच.

इथे तीन खड्डे आहेत, ते आधीच बघून ठेवा.

एक, एकाच टीव्हीसमोर दोन रिमोट घेऊन खेळता येत नाही. घरात एकच कन्सोल आणि भावंडं दोन असतील, तर दोघांना एकत्र खेळता येणार नाही. पाळ्या लावाव्या लागतील.

दोन, एक जण प्लेस्टेशनवर आणि दुसरा पीसीवर असेल तर जमणार नाही. घेण्याआधी मित्राला विचारा, तू कशावर खेळणार?

तीन, प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लसचं सदस्यत्व लागतं. नसेल तर तो खर्च गेमच्या किमतीत धरा. स्वस्तात घोडा घेतला आणि खोगीर महागात पडलं, असं नको.

तुमच्या मशीनवर चालेल का?

पीसीवाल्यांसाठी कंपनीने किमान ग्राफिक कार्ड सांगितलंय एनव्हिडिया जीटीएक्स १६६० टीआय आणि ८ जीबी रॅम. नीट चालवायचा तर आरटीएक्स २०७० आणि १६ जीबी रॅम. जागा लागते ४५ जीबी.

याचा सरळ अर्थ असा की ऑफिसचा किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला, वेगळं ग्राफिक कार्ड नसलेला लॅपटॉप असेल तर विषय सोडून द्या. गेमिंग लॅपटॉप असेल तरी नुसतं कार्डाचं नाव बघू नका, कारण त्याच नावाचं लॅपटॉपमधलं कार्ड डेस्कटॉपवाल्यापेक्षा बरेचदा कमी ताकदीचं असतं. रे ट्रेसिंग सरळ बंद ठेवा. पावसात भिजलेल्या रस्त्यावर दिव्यांचं प्रतिबिंब छान दिसतं, पण त्यापायी गेम अडखळतो.

मोबाईल हॉटस्पॉटवर इंटरनेट चालवत असाल तर एवढा मोठा डाउनलोड करायला बरेच दिवसांचा डेटा जाईल, तेही डोक्यात ठेवा.

किती पैसे दिले तर वसूल?

थोडं साधं गणित करू. मुख्य कथा साधारण १५ ते २० तासांची आहे. मधला आकडा १८ तास धरू.

समजा गेम तुम्ही पूर्ण किमतीत, ४,००० रुपयांना घेतला. तासाला पडले साधारण २२२ रुपये. मल्टिप्लेक्समध्ये तीन तासांचा सिनेमा साडेसहाशेला बघितल्यासारखं. एवढ्या पैशात प्रेक्षक कंटाळून बाहेर आला तर शिव्या घालणारच.

समजा तोच ५०० रुपयांना मिळाला. तासाला पडले २८ रुपये. आता तोच कंटाळवाणा भाग तुम्ही हसून सोडून द्याल.

म्हणजे गेम तोच, पण ४,००० ला तो अपेक्षाभंग आहे आणि ५०० ला तो चांगला सौदा आहे. २०२२ मध्ये शिव्या घालणारे आणि आज कौतुक करणारे, दोघंही खरं बोलताहेत, कारण दोघांनी वेगवेगळी किंमत मोजली आहे. हा गेम आता जुना झालाय आणि सेलमध्ये वारंवार मोठ्या सवलतीत येतो. त्यामुळे पूर्ण किमतीत घ्यायचं एकही कारण उरलेलं नाही. आज सवलत नसेल तर विशलिस्टमध्ये टाका आणि गप्प बसा. सेल लागला की निरोप येतो.

घेण्याआधी एकदा सबस्क्रिप्शनच्या याद्याही बघा. हा गेम ऑक्टोबर २०२३ मध्ये एक्सबॉक्स गेम पासवर आला होता. अशा याद्या बदलत राहतात, पण तुमच्याकडे एखादं सदस्यत्व आधीच असेल तर दोन मिनिटं शोधायला काय जातंय?

मग घ्यायचा की नाही?

हे लोक बिनधास्त घेऊ शकतात :

- ज्यांच्याकडे त्याच मशीनवर खेळणारा एक पक्का मित्र आहे आणि दोघांनाही मोठी सवलत मिळतेय.
- ज्यांना नाइटविंग, रेड हूड, बॅटगर्ल ही पात्रं आवडतात. त्यांना इतका वेळ देणारा दुसरा मोठा गेम सापडणं कठीण.
- ज्यांना सामान जमवणं, सूट बनवणं, हळूहळू वाढणं यात मजा येते.
- जे रोज तासभरच खेळतात.

या लोकांनी थांबावं :

- ज्यांना अर्खमसारखी मारामारी हवी आहे. त्यांनी ‘अर्खम सिटी’ किंवा ‘अर्खम नाइट’ घ्यावा. जुने आहेत, कमी ताकदीच्या मशीनवरही चालतात आणि सेलमध्ये स्वस्तात मिळतात. ‘अर्खम नाइट’ची पीसी आवृत्ती २०१५ मध्ये इतकी बिघडलेली होती की विक्री थांबवून काही महिन्यांनी परत आणावी लागली, पण ते आता मागे पडलंय.
- जे एकटे खेळतात आणि ज्यांना फक्त गोष्ट हवी आहे. त्यांच्यासाठी २०२१ चा ‘मार्व्हल्स गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ जास्त चांगला. आकड्यांचा पसारा कमी, पात्रांच्या गप्पा भरपूर.
- ज्यांना आरपीजीच हवा, पण बोटांपेक्षा डोकं चालवायला आवडतं. त्यांनी २०२२ चा ‘मार्व्हल्स मिडनाइट सन्स’ बघावा. त्यात पत्ते टाकून पाळीपाळीने लढायचं असतं.
- ज्यांना ३० एफपीएस डोळ्यांना खुपतं आणि ज्यांच्याकडे फक्त कन्सोल आहे.

तरीही मन मानत नसेल तर शेवटचा उपाय. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. त्या दोन तासांत कथेच्या मागे धावू नका. बाईकवरून शहरभर एक फेरी मारा आणि मशीन अडखळतं का बघा. दोन-चार रस्त्यावरच्या टोळ्यांशी भिडा आणि मारामारी हाताला रुचते का बघा. नाही रुचली तर लगेच परत करा, ‘पुढे आवडेल’ म्हणत तास घालवू नका. प्लेस्टेशनवर मात्र डाउनलोड सुरू केलं की हा मार्ग साधारणपणे बंद होतो. तिथे आधी कुणाचा तरी न कापलेला अर्ध्या तासाचा व्हिडिओ बघा. ट्रेलर बघून ठरवू नका, ट्रेलर सगळेच भारी असतात.

आता परत त्या रात्रीच्या साडेअकराकडे येऊ. ग्रुपवर “घेऊ का?” विचारण्याऐवजी त्या एका मित्राला मेसेज टाका, “तू घेतोयस का?” तो हो म्हणाला, मशीन चालवू शकतंय आणि किंमत एका सिनेमाच्या तिकिटांएवढी आहे, तर घेऊन टाका. तो नाही म्हणाला, तर मोबाईल बाजूला ठेवा आणि झोपा. सेल परत येणार आहे, पगार मात्र महिन्यातून एकदाच येतो.